पिकअपसाठी ट्यूनर बघतोय

४ फेब्रुवारी, मंगळवार
वरच्या पाड्याच्या चढावर, तिसऱ्या वळणाला गाडी परत बसली. मागे पाण्याच्या योजनेचे पाइप, त्यावर सिमेंटच्या गोणी. ड्रायव्हर लक्ष्मणने पहिला गिअर टाकून बघितला. गाडी थरथरली आणि मागे सरकायला लागली. मी उडी मारून चाकामागे दगड लावला. अर्ध्या गोणी रस्त्याच्या कडेला उतरवल्या, वर जाऊन आलो, उरलेल्या नेल्या. सकाळ त्यातच गेली.

पूर्ण्याच्या गोडाऊनचा मॅनेजर फोनवर शांत होता. एका फेरीत माल चढत नसेल तर दुसरी गाडी बघावी लागेल म्हणाला. त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. पण हे काम गेलं तर पिकअपला दुसरं कायमचं काम नाही. लूम विकून गाडी घेतली तेव्हा बायकोला, नसीमला, म्हणालो होतो, आता रोज घरात मशीनचा आवाज नको. ती म्हणाली होती, आवाज नको, पण काम हवं.

इंजिनची ताकद वाढवून देणारे असतात. ट्यूनर म्हणतात त्यांना. बघू.

६ फेब्रुवारी, गुरुवार
कोन गावाला जाऊन आलो. ट्यूनरचं दुकान सगळं काचेचं, आत एसी. लॅपटॉप लावून इंजिनच्या कॉम्प्युटरमधली फाइल बदलतो. हिंदीत बोलतो, छान बोलतो. गाडी बघायला बाहेर आला नाही. तासाभराचं काम, धुराचा फिल्टरही बंद करून देतो म्हणाला. पीयूसीचं काय होईल विचारलं, तर हसला. गॅरंटी विचारली, तर "गेट तक की." विनोद असावा.

विचार करून सांगतो म्हणालो. फिल्टरचं पटलं नाही. ताकदीचं पटलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
जुम्म्याच्या नमाजनंतर हनीफ भेटला. आमचे लूम एकाच गल्लीत होते, आता त्याच्याही दोन पिकअप. त्याने एक डबी दिली, साबणाच्या वडीएवढी. इंजिनच्या वायरीला मध्ये जोडली की ताकद वाढते. आठवडाभर चालवून बघ म्हणाला.

दुपारी जोडली. बायपासला रिकामी गाडी अशी सुटली की मी हसलो. मजा आली, खोटं कशाला लिहू.

ल. शेजारी गप्प. पाच वर्षं गाडीवर आहे, कामाशिवाय बोलत नाही. चहाला थांबलो तेव्हा एवढंच म्हणाला, "भाई, चढायचं झालं. उतरायचं काय?" मी म्हणालो, उतारावर इंजिन लागतंच कुठे. त्याने ग्लास ठेवला आणि गाडीत जाऊन बसला.

संध्याकाळी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. डबी काढली.

११ फेब्रुवारी, मंगळवार
पडघ्याला वैशालीताईंकडे. वडिलांचं डिझेल पंप दुरुस्तीचं दुकान होतं, ते गेल्यावर यांनी चालू ठेवलं. आता ट्यूनिंगही करतात. जागा लहान, भिंत काळी. लॅपटॉपवर कापड टाकलेलं.

डबीबद्दल आणि कोनच्या दुकानाबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, ती डबी इंजिनला डिझेलचं प्रेशर कमी आहे असं खोटंच कळवते, मग इंजिन घाबरून जास्त डिझेल ओततं. पहिला प्रश्न, गाडी कोण चालवतं? मी म्हणालो, माझीच आहे. "चालवतं कोण?" ल.ला फोन करून बोलावलं. त्याला घेऊन त्या अर्धा तास चालवून आल्या. मी दुकानात बसलो. माझ्याच गाडीची वाट बघत.

परत आल्यावर: टर्बोचा पाइप एका जागी चिरलाय, हवा निसटते, निम्मी ताकद तिथेच जाते. मागचे ब्रेक लायनर संपत आलेत. आधी दोन्ही बदला, मग फाइल. फिल्टरला हात लावणार नाही, पटत असेल तर या.

ल. पहिल्यांदाच कुणाकडे बघून मान हलवताना दिसला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
वैशालीताईंकडेच द्यायचं ठरवलं. टर्बोचा पाइप बदलला. लायनर पुढच्या आठवड्यात. ते शहरातून आणायला लागतात आणि उद्या फेरी आहे.

फाइल बनवताना त्यांनी विचारलं, लोड किती असतो? खरा सांगा, त्यावरच सगळं अवलंबून आहे. मी म्हणालो, आरटीओच्या पासिंगमध्ये आहे तेवढाच. ल. दारात उभा होता. बाहेर रस्त्याकडे बघत राहिला.

लायनरचंही विचारलं. टाकले, म्हणालो.

का म्हणालो माहीत नाही. माहीत आहे. खरं सांगितलं असतं तर त्यांनी फाइल दिली नसती.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
तिसऱ्या वळणावर गाडी थांबली नाही. दुसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण माल घेऊन. आवाजही वाढलेला नाही. वर पोहोचल्यावर मी बॉनेटवर हात ठेवला. कोणी बघत नव्हतं.

मॅनेजरला कळवलं. तो खूश. सोमवारपासून दहा गोणी जास्त टाकतो म्हणाला. चालेल म्हणालो.

१७ फेब्रुवारी, सोमवार
ल. सकाळी आला, मागे रचलेल्या गोणी मोजल्या, चावी सीटवर ठेवली. विचारलं, लायनर बदलले का? मी म्हणालो, गुरुवारी नक्की. मग गुरुवारी येतो म्हणाला.

मी म्हणालो, अरे, गाडी आता ओढते तरी. आवाज थोडा चढला माझा.

"गाडी ओढते, भाई. मला थांबवायची हाय." मग निघताना, "परत येताना माझी आये बसते हिच्यात."

ते खरं आहे. गाडी रिकामी उतरते तेव्हा पाड्यातल्या बायका पडघ्याच्या बाजाराला मागे बसून येतात. ल. कोणाला नाही म्हणत नाही. मीही कधी हरकत घेतली नाही.

तो चालत स्टँडकडे गेला. फेरी मीच केली. आज खाली यायला कोणी नव्हतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार
आजचं लिहून ठेवतो.

वर माल उतरवला. नऊ बायका मागे चढल्या, भाजीच्या पाट्या घेऊन. ल.ची आई पुढे माझ्याशेजारी, गुडघ्यांमुळे. ल. दिसला नाही, शेतावर होता म्हणे. मी नाही म्हणायला हवं होतं. पण नेहमीचं होतं ना.

तिसऱ्या गिअरमध्ये उतरत होतो. दुसऱ्या वळणानंतर जळका वास. पुढच्या वळणाला पाय दाबला आणि पेडल खाली जातच राहिलं. वेग कमी होईना. हँडब्रेक ओढला, दुसरा गिअर कसाबसा बसवला, इंजिन ओरडलं. डावीकडे डोंगराची बाजू होती, तिथल्या मातीत चाक घातलं. थांबली. उजवीकडे काय होतं ते लिहीत नाही.

एकीच्या पाटीतली वांगी रस्त्यावर घरंगळत गेली. सगळ्यांना उतरायला सांगितलं, पुढचं चालत जा म्हणालो. त्या पाट्या सावरत उतरल्या.

ल.ची आई उतरेना. म्हटलं, मावशी, गाडीचा भरवसा नाही. ती म्हणाली, "माझं गुडघं चालायचं न्हाय. तू हलू चालव. मना घाई न्हाय."

ब्रेक थंड होईपर्यंत थांबलो. मग पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने. बायका गाडीच्या पुढे निघून गेल्या. मावशी समोर बघत होती, मांडीवर पिशवी. अर्ध्या वाटेवर म्हणाली, लक्ष्मण गाडीवर येत नाही, विचारलं तर काही सांगत नाही, तुझं त्याचं काय झालं? मी सांगितलं. सगळं, लायनर, गोणी, वैशालीताईंना काय बोललो ते. रस्ता लांब होता.

पडघ्याला उतरताना तिने पिशवीतून दोन काकड्या काढून सीटवर ठेवल्या, नेहमी ठेवते तशा.

नसीमला फक्त ब्रेक गरम झाले एवढं सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि जेवायला वाढलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
काल गाडी रिकामी, सपाट रस्त्याने, हळू वैशालीताईंकडे नेली आणि खरा लोड सांगितला. लायनर बदलले नव्हते, तेही. त्या म्हणाल्या, "सादिकभाई, डबी इंजिनला फसवत होती. तुम्ही मला." रागावून नाही. त्यामुळे जास्त लागलं.

मागची चाकं त्यांनी स्वतः काढली. लायनर लोखंडापर्यंत गेले होते. नवे टाकतील, ब्रेकचे ड्रमही बघतील. फाइलचं मात्र ठरलेलं नाही. त्यांच्याकडे जुनी फाइल ठेवलेली आहे, नवीही आहे. कुठली ठेवायची ते चालवणाऱ्याला विचारून सांगा म्हणाल्या.

आज नमाजनंतर रिक्षाने पायथ्यापर्यंत, पुढे चालत पाड्यावर गेलो. इतक्या वर्षांत पायी पहिल्यांदा. तिसऱ्या वळणावर दम लागला. ल. कुंपणाला काट्या बांधत होता. आईकडून सगळं कळलेलं होतं. मी चुकलो म्हणालो. त्याने दोरी ओढून गाठ मारली, मग पाणी आणून दिलं.

लायनर टाकतायत, सांगितलं. फाइलचं विचारलं. त्याने उलट विचारलं, गोणी किती? मी म्हणालो, मॅनेजरशी बोलतो. "बोला आधी," म्हणाला. येतो म्हणाला नाही, येत नाही असंही म्हणाला नाही.

खाली येईपर्यंत मॅनेजरचा मेसेज आलेला. सोमवारचा माल बांधून तयार, तेवढाच, येताय ना?

कमी गोणी म्हटल्या तर तो दुसरी गाडी बघेल. पूर्ण म्हटल्या तर ल. येणार नाही. उत्तर दोनदा लिहून खोडलं, अजून पाठवलेलं नाही. गाडी पडघ्याला उभी आहे, मागची चाकं काढलेली.