शिळेला उत्तर

सोमवार, ४ तारीख
आलो एकदाचे! खोली लहान, पण कोरडी. पुढच्या दारातून रानवाट सुरू होते, मागच्या दाराशी विहीर. या वयात नोकरी मिळाली हेच नवल. पाहुणे दुर्बिणी घेऊन येतात, त्यांना या रानातले मूळचे पक्षी दाखवायचे. पक्षी दिसेना की त्याची शीळ घालायची, तो उत्तर देतो. शाळेत बाकी काही जमलं नाही, शीळ मात्र जमली. ही म्हणाली, म्हातारपणी शिट्ट्या मारताय, कुणी बदडलं तर मी सोडवायला येणार नाही.

बुधवार, ६
जुना वाटाड्या किल्ल्या देऊन गेला. म्हणाला, बाबा, शीळ आधी आपण घालायची. झाडीतून आधी आली तर गप्प बसायचं, उत्तर द्यायचं नाही. का ते विचारलं, तर चहा अर्धा टाकून उठला. तेव्हापासून छातीत धडधडतंय. ही म्हणते, तुम्हाला पान हललं तरी धडधडतं.

शनिवार, ९
चूक झाली. हळद्या पक्षी सापडत नव्हता, पाहुणे कंटाळले होते. तेवढ्यात झाडीतून त्याची शीळ आली. चारचौघांत मोठेपणा मिरवायला मी उत्तर दिलं. पुन्हा शीळ आली, पण हळद्याची नव्हे. माझे पुढचे दात पडलेत, शिळेत वारा फसफसतो. ती तशीच फसफसली.

सोमवार, ११
वाटेवरून खोकला ऐकू येतो. माझा. मी खोकलो नव्हतो. हिला म्हणालो, परत जाऊ. ती म्हणाली, कुठे, सुनेच्या दारात?

मंगळवार
ही विहिरीवरून तणतणत आली. "अगं, इकडे ये" म्हणून मघापासून हाका मारताय, आणि इथे आरामात बसलात!
मी हाक मारलीच नव्हती. तिचं तोंड उतरलं. तिने ओ दिली होती.

बुधवार
सामान बांधलं. बस उद्या. भांडी विहिरीवर राहिली म्हणून ही गेली. नको म्हणत होतो. ऊन उतरलं, अजून—

संध्याकाळ
पुढच्या दारावर थाप. अहो, दार उघडा. हिचाच आवाज.
मागच्या दारावरही. अहो, उघडा ना.
दोन्हीकडे रडणं.
विचारलं, आपण घरून निघताना सून काय म्हणाली? एकीने बरोबर सांगितलं, दुसरीने लगेच तेच. आधी कोण बोललं— मला कमी ऐकू येतं—
मागची गप्प झाली. एकदम.
म्हणजे पुढचीच खरी. कडी काढतो—
की मागचीला कुणी गप्प के