दुसरा उकार

सांगली,
ता. ९ ऑगस्ट १९७४

सौ. सुवार्ता हिस,

सप्रेम सलाम. 'सप्रेम' रिवाज म्हणून लिहिलं आहे. त्यावरून अनुमान काढू नये.

इकडे ठीक. स्टोव्हची पिन सापडत नाही, म्हणून चहा शेजारच्या मनुबाईंकडून येतो. त्या रोज विचारतात, "बाई कवा येणार?" मी सांगतो, बाईंना विचारा.

तुझ्या तिथल्या चर्चच्या पाळकसाहेबांचं कार्ड पोचलं. 'प्रिय दंपती, बुधवारी चार वाजता वैवाहिक मार्गदर्शनास अवश्य यावे.' दंपती हा शब्द संस्कृतात द्विवचनातच चालतो. चार महिने तू साताऱ्याला भावाकडे, मी सांगलीत. तेव्हा कार्ड नक्की कोणाला आलं, हा प्रश्नच आहे. शिवाय गृहस्थांच्या लग्नाला दीड वर्ष झालंय. आपल्या लग्नाला एकोणीस. कोणी कोणाला मार्गदर्शन करायचं, तेही त्यांनी कळवावं.

आता त्या कागदाविषयी. जोडीदाराला जे कधी बोलला नाहीत ते लिहून पाठवा, हा गृहपाठ त्यांचाच. मी लिहिलं, 'भाजीत मीठ कमी असतं.' तू कागदाच्या दोन्ही बाजू भरल्यास. तो मी तपासून परत पाठवला याचा तुला संताप आला. समोर चाचणीचे पेपर होते, हातात लाल शाई होती. अकरा चुका निघाल्या. कर्मणी प्रयोग तर तू लग्नाआधीपासून चुकवतेस.

नानासो परवा येऊन गेले. तुझे बंधू पेन्शनीत आले, पण आवाज अजून परेडचाच. दारातूनच म्हणाले, "आवं दाजी, पोरीनं काळीज काढून दिलं आन् तुमी त्याचं शुद्धलेखन बघितलं व्हय?"

"बसा," मी म्हटलं.

"बसाय न्हाई आलो. बुधवारी या, न्हाईतर ती बदलीचा अर्ज देतीया. साताऱ्याच्या दवाखान्यात नर्सची जागा हाय. मग बसा एकटंच व्याकरण चाळत."

मनुबाईंचा चहा वाया गेला.

तुझी तक्रार अकरा चुकांची नाही, एवढं मलाही कळतं. सातव्या ओळीची आहे. तू लिहिलंस, 'आपलं मुल गेलं त्या दिवशीसुद्धा तुम्ही शाळेत तास घेतलात.' मी 'मु'चा पहिला उकार खोडून दुसरा दिला आणि पुढच्या ओळीकडे वळलो. बाकी वाक्य शुद्ध होतं.

खरं मात्र नव्हतं. दफन चारला होतं. अकराला मी आठवीच्या वर्गात गेलो. 'पितृ' चालवायचा होता. पिता, पितरौ, एवढं फळ्यावर लिहिलं आणि पुढचं रूप आठवेना. घंटा होईपर्यंत फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. अठ्ठेचाळीस पोरं, एकानेही चुळबुळ केली नाही. घरी आलो तर तू विचारलंस, "झाला तास?" मी हो म्हटलं. त्या विचारण्यात जी धार होती ती मी बारा वर्षांत माफ केलेली नाही, आणि बुधवारी करीन असंही वचन देत नाही.

आणखी एक. तू त्याला 'मूल' म्हणतेस, कारण दुसरं काही म्हणता येत नाही. नऊ दिवसांचा होता; बाप्तिस्मा रविवारी ठरलेला, आणि तो गुरुवारी गेला. नाव मी ठरवलं होतं. तुला सांगितलं नाही, कारण तू त्यातही बदल सुचवला असतास. नंतर सांगण्यात अर्थ उरला नाही, असं मी धरून चाललो. चूक माझी. हे वाक्य तुझ्या पाळकांना दाखवू नकोस. ते त्याचं श्रेय घेतील.

बुधवारी साडेतीनला त्यांच्या अंगणात उभा असेन. ते नाव मी त्यांच्या टेबलासमोर उच्चारणार नाही. मला आत बोलवायला कोणाला पाठवू नकोस, नानासोंना तर नाहीच. तू बाहेर ये. चारपर्यंत आली नाहीस तर मिळेल त्या एस.टी.ने परत फिरेन, आणि तू अर्ज खुशाल दे.

तुझ्यावर अजून रागावलेला,
त्याचा बाप,
शांतवन