उपाशी वाफ्यांचा कैवारी

४ ऑक्टोबर
नोकरी लागली! ताईने चिकटवलं. सरकारी संशोधन, विषय बायोचार. म्हणजे लाकूडफाटा कोंडून जाळायचा, कोळसा कुटून मातीत मिसळायचा आणि शेतातली, जंगलातली रोपं त्याने वाढतात का ते बघायचं. ताई म्हणाली, भोवऱ्या, या खेपेला तरी टिक रे बाबा. टिकणार. रोज सकाळी सहाला हजर.

५ ऑक्टोबर, पावणेदहा
पोचलो. वाटेत क्रेनने भलीमोठी टाकी चढवत होते. ते सोडून कसं येणार? हे संशोधन चालवणाऱ्या मॅडमनी नुसतं घड्याळाकडे बघितलं. ओरडल्या असत्या तर बरं.
काम सोपंय. डावीकडच्या वाफ्यांना कोळसा, उजवीकडच्यांना नाही. उजवीकडचे म्हणजे ‘कंट्रोल’. मॅडम म्हणाल्या, सगळं त्यांच्यावर अवलंबून आहे. एवढे महत्त्वाचे, आणि द्यायचं काहीच नाही? असो. त्या शिकलेल्या.

२ नोव्हेंबर
डावीकडची मिरची तरारली. सागही. उजवीकडची खुरटी, बिचारी. पाणी घालताना माझ्याकडे बघतात. सावत्रपणा करतंय कोण, तर मी. जेवण गेलं नाही. (संध्याकाळी गेलं.)

९ नोव्हेंबर
मॅडम बैठकीला. उजवीकडे मूठ मूठ कोळसा घातला, वरून माती सारली. एकदाच. मन कसं हलकं झालं.

२१ नोव्हेंबर
पुन्हा घातला. जरा सढळ हाताने, मागची भरपाई म्हणून. बासरी शिकायचं ठरवलंय.

१८ डिसेंबर
दोन्हीकडे सारखंच हिरवंगार! मी खूश. मॅडम मात्र पट्टी घेऊन पुन्हा पुन्हा मोजतायत. विचारलं, तू काही वेगळं करत नाहीस ना रे? म्हटलं, छे, सगळ्यांना सारखंच. खोटं बोललो नाही. तरी झारी उचलून लांबच्या वाफ्याकडे गेलो.
घरी ताईला विचारलं, कंट्रोल म्हणजे काय गं? हसत म्हणाली, अरे, ते तुलनेसाठी, त्यांना हात लावायचा नसतो. मग हसायची थांबली. काय केलंस, म्हणाली. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. पायात चपला होत्या.

२९ डिसेंबर
कोळसा वेचून काढायचा म्हणून चाळणी आणली. पण आता उपसलं तर मुळं तुटणार. तेवढ्यात मांजर पिल्लू तोंडात धरून भिंतीवरून निघाली. ती जाते कुठे ते बघून आलो. चाळणी तशीच.
पुढच्या आठवड्यात सरकारचे साहेब येणार. फरक दिसला तर पुढचे पैसे मिळतील, नाहीतर काम बंद. मॅडमचं अर्धं आयुष्य या कोळशापायी गेलंय. उद्या सगळं सांगणार. नक्की.

३० डिसेंबर
मॅडमना सर्दी झालीय. आजारी माणसाला काय सांगायचं?

६ जानेवारी
साहेब आले. वाफ्यांतून फिरले. म्हणाले, फरक कुठाय? मॅडम म्हणाल्या, नाही दिसत, सर. माझंच कुठेतरी चुकलं असेल.
मी पुढे झालो. खरंच झालो. तोंडही उघडलं. तेवढ्यात साहेब म्हणाले, रोपं मात्र झकास आहेत हो, निगा कोण ठेवतं? मॅडमनी माझ्याकडे बोट केलं. साहेबांनी पाठीवर थाप मारली. म्हणाले, या कोळशावर खर्च करण्यापेक्षा असं एक पोरगं परवडलं.
मी म्हटलं, थँक्यू सर.