ठकीचं रक्त गाळलं तेव्हा

प्रिय राणीसरकार,

आम्ही दोघं ठीक आहोत. ठकी पोटभर जेवते. फोनवर बोलताना ती शेजारीच असते, म्हणून लिहितोय.

आज तिचं रक्त पहिल्यांदा यंत्रातून गाळलं. तिला दुखलं नाही; सुई टोचताना डोळे मीच मिटून घेतले. यंत्रात साखरेच्या लांब साखळ्या असतात, त्यांना गंधक जोडलेलं. कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण त्यांना चिकटतात, बाकीचं रक्त परत अंगात जातं.

"मग माझं रक्त गोड होईल?" ठकीने विचारलं.

"नाही गं, ही साखर गोड नसते," नर्सबाई हसल्या.

नंतर डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं. तशाच साखळ्या आपल्या नसांच्या भिंतींतही असतात म्हणे. तिथे आधीच जे चिकटलंय, ते यंत्राला ओढून काढता येत नाही. किती चिकटलंय, ते उद्या बघणार आहेत.

आईचे गुडघे कसे आहेत? तू वेळेवर जेवतेस ना?

रक्तात कोलेस्टेरॉल साठत राहण्याचा हा दोष तिच्यात आपल्या दोघांकडून आलाय, तेव्हा एकटीने स्वतःला बोल लावू नकोस. धाकट्याला अंघोळ घालताना त्याची कोपरं उजेडात नीट बघ. ठकीसारख्या पिवळट गाठी दिसल्या, तर त्याच्यासमोर चेहरा पडू देऊ नकोस. नाही दिसल्या, तरी रक्त तपासून घे.

तू घाबरू नकोस. घाबरायला मी आहे इथे.

तुझाच,
ठकीचा बाबा