आबाजींच्या म्हशीची फॅट

२ नोव्हेंबर १९९८
बारामतीत कॉम्प्युटर क्लास ढीगभर, पण पिंपळीच्या दूध संस्थेनं बोलावलं मला. फॅट मोजायचं मशीन कॉम्प्युटरला जोडायचंय. चेअरमन आबाजी म्हणाले, सर, संस्थेची अब्रू तुमच्या हातात हाय. हात योग्य निवडले.

५ नोव्हेंबर
ड्रायव्हर लिहिला, म्हणजे मशीन आणि कॉम्प्युटरमधला दुभाष्या. मशीनचा आकडा ज्या कार्डावर येतो, त्याची मेमरी लिनक्सच्या कर्नलमध्ये मॅप केली, म्हणजे प्रोसेसरला ती थेट वाचता येते. पुस्तक म्हणतं, इथं कॅश बंद ठेवा. कॅश म्हणजे प्रोसेसरनं एकदा वाचलेलं जवळ ठेवायचं, पुन्हा विचारलं की तेच सांगायचं. बंद केली तर दर वेळी कार्डापर्यंत हेलपाटा. पुस्तकवाल्यानं पिंपळीची सकाळची रांग पाहिलेली नाही. चालूच ठेवली.
करुणानं विचारलं, कालवण कसं झालंय. फक्कड, म्हणालो. ही म्हणे, आधी चाखा तरी. हिला वेगाचं महत्त्व नाही.

९ नोव्हेंबर, सकाळी
उद्घाटन. मानाची पहिली किटली आबाजींच्या म्हशीची. फॅट सात. मग सगळ्यांचीच सात, गायींचीसुद्धा! रांगेतल्या सिंधुबाई म्हणाल्या, माज्या गायीला सांगू नगा, शेफारंल. मी खुलासा केला, अचूक मोजलं की असंच होतं.

१२ नोव्हेंबर
मध्येच एखाद्याला साडेतीन लागते, मग मागच्या सगळ्यांना तीच. मशीन जुनं. प्रोग्रॅम निर्दोष.

१४ नोव्हेंबर
आमचं दूध घेणाऱ्या एमआयडीसीतल्या डेअरीनं टँकर परत पाठवला. दूध आमच्या आकड्यापेक्षा फारच पातळ. पाणी घालता का, असं आबाजींना चारचौघांत विचारलं. मी म्हणालो, त्यांचंच मशीन बिघडलंय. आबाजींनी लगेच विश्वास ठेवला. इतक्या लगेच ठेवायला नको होता.

१६ नोव्हेंबर
सिंधुबाईंनी सगळ्यांदेखत मशीनला नळाचं पाणी लावलं. फॅट सात. म्हणाल्या, आता नळालाच पेंड घालते, सर. रांग खिदळली. आबाजी तेवढे हसले नाहीत. म्हणाले, लोक मला चोर म्हनत्यात वो. मी चष्मा पुसत बसलो. स्वच्छच होता.

१७ नोव्हेंबर
कॅश बंद केली. एका शब्दाचं काम. प्रोसेसर रोज आबाजींच्या पहिल्या किटलीचा आकडा गावभर वाटत होता; मध्येच विसरला की नवा वाचायचा आणि तो वाटायचा. वेग मात्र आताही तेवढाच दिसतो. हे कुणाला सांगणार?
उद्या आबाजींबरोबर डेअरीत जायचं. चूक माझी, असं सर्वांसमोर सांगायचं. पक्कं.

१८ नोव्हेंबर
घसा बसल्याचा निरोप धाडला. आबाजी एकटेच गेले. परतताना दारात येऊन म्हणाले, तितं तुमचं नाव न्हाय घेतलं, सर. चूक आमचीच म्हनलं. घसा कसा हाय?
चांगला आहे, म्हणालो. खणखणीत आवाजात.
रात्री ठरवलं, यापुढं खात्री केल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. करुणानं विचारलं, आमटी कशी झालीय. फक्कड, म्हणालो.
अजून वाढलीच नव्हती.