वर म्हणजे पश्चिम

सर, परवा मी मावशींकडे जाऊन आले. त्याच मावशी, ज्यांच्या पडवीत बसून आपण बुडणाऱ्या गावातल्या वावरांची नावं गोळा केली होती. गाव आता धरणाच्या पाण्याखाली आहे आणि मावशी खाली, पुनर्वसनाच्या वसाहतीत, सिमेंटच्या घरात राहतात. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा हे पत्र कुठं पाठवायचं हा प्रश्नच नाही. पण तिथं जे पाहिलं ते सांगायला तुमच्याशिवाय दुसरं माणूस सापडेना. घरी सांगितलं तर म्हणतील, एका नकाशापायी एवढं काय.

ओतूरला कॉलेजात तुमच्या पहिल्याच तासाला तुम्ही वर्गाला म्हणालात, "वर कुठं आहे ते बोटानं दाखवा." नारायणगावकडच्या पोरांनी छताकडं बोट केलं. एकदोन हुशारांनी भिंतीवरच्या नकाशाच्या वरच्या कडेकडं केलं. मी खिडकीतून बाहेर, डोंगराकडं केलं आणि सगळा वर्ग हसला. आमचं गाव जुन्नरच्या वर. आमच्याकडं वर म्हणजे सह्याद्रीकडं, मावळतीला, आणि खाली म्हणजे नदी वाहत जाते तिकडं, उगवतीला. बाजाराला खाली जायचं, सरपणाला वर जायचं. यात हसण्यासारखं काय ते मला कळेना. तास संपल्यावर तुम्ही बोलावून घेतलंत, तेव्हा भीत भीत शाळेतली गोष्ट सांगितली. गुरुजींनी महाराष्ट्राचा नकाशा काढायला लावला होता आणि मी समुद्र कागदाच्या अगदी वर काढला होता, कारण डोंगर वर आणि डोंगराच्या पलीकडं समुद्र. गुरुजींनी कान पिळून विचारलं होतं, "समुद्र डोक्यावर घेऊन कुठं निघालीस?" हे ऐकून तुम्ही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलात आणि म्हणालात, "अगं, मग तू माझ्या कामाची आहेस." मला ती थट्टाच वाटली. मनात म्हटलं, हाही माणूस गुरुजींच्याच जातकुळीतला.

पुढं मी शिकून त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. त्या सुमारास आंबेगावच्या बाजूला धरणाची भिंत उंच होत चालली होती. तुम्ही ठरवलं की पाण्याखाली जाणाऱ्या एका तरी गावाचा नकाशा नावांसकट करायचा. सरकारी नकाशात प्रत्येक तुकड्याला नंबर होता, नाव नव्हतं. तुमचं म्हणणं असं की नंबरला मोबदला मिळेल, नाव मात्र बुडेल. मग घोडेगावावरून एसटीनं वर जायचं, उरलेलं पायी, आणि दुपारी मावशींच्या पडवीत. त्या नाचणीची भाकरी वाढायच्या आणि आपल्याला नावं सांगायच्या. गाढवलोळ, तिरकं वावर, डोहाचा तुकडा, आणि त्यांचं स्वतःचं उंबरखाचर, नदीकाठचं भाताचं चिमुकलं खाचर. "मास्तर, गाव कागदावर बसवताय व्हय?" त्या विचारायच्या. "मंग माझं खाचर नीट बसवा. बारकं हाय म्हणून गाळू नका." तुम्ही तोंडात घास असताना मान डोलवायचात. ती मान डोलावलेली मला अजून दिसते, आणि ती आठवली की बरं वाटत नाही.

एकदा मी टिपणं पक्की करताना 'वरची आळी' खोडून 'उत्तर आळी' लिहिलं. नकाशात वर म्हणजे उत्तर, हे तोवर मी पोरांना शिकवायला लागले होते ना! तुम्ही कागद पाहिलात आणि सगळ्या स्टाफरूमसमोर म्हणालात, "वर म्हणजे उत्तर, हे तुला कुणी शिकवलं?" मी म्हणाले, "तुम्हीच." तुम्ही कागद टेबलावर ठेवलात. मग म्हणालात, "मग निम्मंच शिकवलं." बाकीचे हसले. मी मात्र दोन दिवस तुमच्याशी धड बोलले नाही. तुमचं हे असं होतं, सर. रागावताना तुम्ही स्वतःलाच मध्ये ओढायचात, आणि समोरच्याला धड रागवताही यायचं नाही.

नकाशा काढला तुमच्या स्वयंपाकघरात, कारण घरात उजेड काय तो तिथंच. पिठाचे दोन डबे, त्यावर जुन्या खिडकीची काच, खाली बल्ब आणि काचेवर ट्रेसिंगचा कागद. काकू विचारायच्या, "आज भाकरी नकाशावरच थापू का?" तुम्ही निब शाईत बुडवून श्वास धरून एकेक नाव लिहायचात. शिवार नदीच्या दोन्ही अंगांनी लांबच लांब, डोंगरापासून खाली उतरत गेलेलं. तुम्ही डोंगर कागदाच्या वरच्या टोकाला घेतलात, नदी वरून खाली सोडलीत आणि ते लांबट गाव उभ्या कागदावर झकास बसलं. कोपऱ्यात बाण काढून त्यावर नुसतं 'वर' लिहिलंत. सगळी नावं मावली. उंबरखाचरसुद्धा, उंबराच्या एवढ्याशा झाडासकट.

नकाशासोबत दोघांनी मिळून लिहिलेला निबंध टाइप करून घेतला. तो पाठवायचा होता दूरच्या एका भूगोलाच्या नियतकालिकाला, आणि त्याचे नियम मोठे कडक होते. मजकूर दोन ओळींत अंतर सोडून, तीन प्रती, लेखकांची नावं वेगळ्या कागदावर म्हणजे तपासणाऱ्याला ती कळू नयेत, आणि नकाशाला घडी पडता कामा नये. तुम्ही शेतातल्या पाइपाचा तुकडा कापून आणलात, दोन्ही तोंडांना बूच बसवलंत आणि नकाशा गुंडाळून त्यात घातलात. पोस्टातले भाऊ म्हणाले, "सर, ह्यातनं पानी कुठं न्यायचंय?" तुम्ही म्हणालात, "पाणी नाही हो, पाण्यातलं गाव न्यायचंय." तेव्हा आपण दोघंही किती खुशीत होतो.

कित्येक महिन्यांनी पाइप परत आला. तपासणाऱ्याचं म्हणणं: काम चांगलं आहे, पण नकाशात उत्तर दिशा वर घ्यावी, 'वर' ही काही दिशा नव्हे. तुम्ही सविस्तर उत्तर लिहिलंत, की या गावात हीच दिशा आहे आणि नकाशा गावाचा आहे. पुन्हा तोच शेरा आला, या वेळी संपादकांच्या सहीनं. सुधारणा केल्यास छापू, नाहीतर क्षमस्व. तुम्ही म्हणालात, "राहू दे. नाही छापला तर नाही छापला." तुमचं ठीक होतं, सर, तुम्ही कायम होतात. माझ्या मुलाखतीत छापील निबंध मागणार होते आणि माझ्याकडं तेवढा एकच होता. दर जूनमध्ये आपल्याला परत घेतील की नाही या धाकात मी जगत होते. त्या दिवशी तुमच्या स्वयंपाकघरात मी म्हणाले, "सर, नुसता फिरवायचाच तर आहे." तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. "फिरवू म्हणतेस?" मी म्हणाले, "हो." काकूंनी गॅस बारीक केला. मग तुम्ही म्हणालात, "बरं. फिरवू."

माझं सगळंच चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. पोटापाण्याचा प्रश्न होता, आणि उत्तर वर घेतल्यानं जग काही बुडत नाही. पण नुसता फिरवायचा नव्हता, हे मला काचेवर नवा कागद लागला तेव्हा कळलं. नियतकालिकाचं पान उभं, आणि नकाशा मजकुरासोबत सरळच वाचता आला पाहिजे असा त्यांचा नियम. उत्तर वर घेतली की आपलं लांबट गाव पानावर आडवं होत होतं. पानाच्या रुंदीत ते बसवायचं म्हणजे सगळंच लहान करायला हवं, आणि लहान केलं की बारकी नावं शाईत एकमेकांवर चढत होती. तुम्ही एकेक नाव गाळत गेलात. गाळताना दर वेळी ते नाव एकदा मोठ्यानं म्हणायचात. उंबरखाचर म्हणालात तेव्हा मी पाणी प्यायला उठले.

अंक आला तेव्हा तुम्ही पान उघडून पाहिलंत, "छान छापलाय" म्हणालात आणि अंक माझ्याच हातात परत दिलात. दोघांची नावं होती, माझं आधी. पुढं मी कायम झाले. तुम्ही निवृत्त झालात, ओझरला गणपतीच्या दर्शनाला जाताना कधी स्टँडवर भेटायचात, पोरांची चौकशी करायचात, नकाशाचं नाव काढायचा नाहीत. मीही काढलं नाही. मला वाटायचं तुम्ही मनातून माझ्यावर नाराज आहात, आणि असं वाटलं की मी गप्प बसते, हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही गेल्यावर काकूंनी आठवण म्हणून तो पाइप मला दिला. घरी येऊन बूच काढलं तर आत काही नव्हतं. पहिला नकाशा तुम्ही फाडून टाकला असणार, अशी माझी खात्रीच झाली. आता माझे निबंध ईमेलनं जातात, पाइप कशालाच लागत नाही, पण तो कपाटामागं उभा असतो. केर काढताना हाताला लागला की त्या दिवशीचं तुमचं "बरं" आठवतं.

मावशींकडं जायचं इतकी वर्षं मी टाळलं. खाचर गाळलं हे कुठल्या तोंडानं सांगणार? परवा मंचरला काम होतं, तिथून वसाहत जवळ, तेव्हा म्हटलं एकदाचं उरकून टाकू. अंक पिशवीत घेतला. मावशींनी ओळखलं, "मास्तरांची पोरगी ना तू?" म्हणाल्या, चहा टाकला. मी पान उघडून त्यांच्या मांडीवर दिलं. त्यांनी थोडा वेळ पाहिलं, मग अंक हळूच फिरवला, डोंगर वर येईस्तोवर. "हां, आता बसलं," म्हणाल्या. बोट नदीवरून खाली खाली आणलं आणि थांबल्या. "माझं खाचर कुठंय गं?"

मी म्हणाले, "मावशी, पानात मावलं नाही."

"ह्यात न्हाई मावलं? आमच्या त्यात हाय की," असं म्हणून त्यांनी भिंतीकडं हात केला.

टीव्हीच्या वर, काचेच्या फ्रेममध्ये, सर, तुमचा पहिला नकाशा होता. कोपऱ्यात बाण आणि त्यावर 'वर'. एवढंसं उंबर. शाई थोडी तपकिरी पडली होती, बाकी सगळं होतं तसं. मी उठून जवळ गेले.

मावशी सांगत होत्या. "मास्तर एकलेच आले व्हते, पायपात घालून. लई दिस झालं त्याला. नवं घर बांधून झालं व्हतं नुकतंच. मी म्हनलं, पोरीला का न्हाई आणलं? तर मास्तर म्हणले, तिला काम हाय. म्हणले, तिनं छापलाय तो हापिसातला, त्योबी बरोबर हाय. ह्यो घरातला. आन् म्हणले, तिला सांगू नका, उगं जिवाला लावून घ्यायची."

मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. एवढं का केलंत, सर? स्टँडवर उभं राहून पोरांच्या परीक्षा विचारण्यापेक्षा एवढं एक वाक्य का नाही सांगितलंत? मी विचारलं असतं तर सांगितलं असतंत, हेही ठाऊक आहे. दोघांनीही तोंड उघडलं नाही, आणि तुमची माझी जी काही वर्षं उरली होती ती स्टँडवर वरवरचं बोलण्यात गेली. मी समजत होते तुम्ही नाराज आहात. तुम्ही समजत होतात मला लागेल.

आणखी एक आहे, ते सांगून थांबते. हे पत्र त्या पाइपात घालून ठेवीन, तेवढं तरी त्याला काम. भिंतीशी उभी राहून मी सगळा नकाशा वाचला, गाढवलोळ, तिरकं वावर, डोहाचा तुकडा, सगळं. वाचून झाल्यावर मागून मावशींनी विचारलं, "मान अवघडली का गं?" तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतका वेळ मी मान वाकडी करून उभी होते, उत्तर वर यावी म्हणून.