बिस्किटांच्या डब्यातली बँक

३ नोव्हेंबर. सकाळ.
गुडघ्याच्या ऑपरेशनची एफडी जागेवर आहे का, हे पाहायला बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, माझ्या नोटा दाखव. ती म्हणाली, आजी, त्या इथे नसतात, आम्ही कर्जाऊ देतो. चोरी कबूल करून वर नातं जोडते.

४ नोव्हेंबर.
कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगत, गणित अडलं की ते लहान करून बघा. मॉडेल तयार केलं. बिस्किटांचा डबा ही बँक, बटणं हे पैसे. मॅनेजर अर्थातच मी.

५ नोव्हेंबर. संध्याकाळ.
शेजारच्या रिटायर्ड नर्सबाईंनी दहा बटणं ठेवली. वरच्या मजल्यावरच्या आमच्या वन्संनी सहा कर्जाऊ नेली. मग नर्सबाईंना सगळी परत मागायला लावलं. डब्यात चार! फसवणूक सिद्ध. नर्सबाई म्हणाल्या, येतील तेव्हा द्या की, सगळे एकदम मागायला आले तरच पंचाईत. भोळ्या आहेत. असल्यांच्या जिवावरच बँका चालतात.

७ नोव्हेंबर.
वन्संनी सहाही बटणं कोटाला शिवून टाकली. हे मॉडेलमध्ये बसत नाही. नर्सबाई दारात विचारतात, मॅनेजरबाई, आमची ठेव? उद्या या म्हटलं. माझा नाइलाज आहे. बँकेची लबाडी असते.

१० नोव्हेंबर.
एफडी मोडली. मुदतीआधी म्हणून दंड कापला. मुलगी म्हणाली, आजी, नीट विचार केलात ना? केलाय म्हटलं, डबा घेऊन. पुडकी घरच्या हिरव्या लोकरीने बांधून आणली.

११ नोव्हेंबर.
पैसे गादीखाली. पाठ धरली. खिडक्या पुसणारा माणूस उगाच हसला. आजपर्यंत कधी हसला नव्हता.

१२ नोव्हेंबर.
वन्संकडे लोखंडी कपाट आहे. बटणांच्या बाबतीत बेभरवशाच्या, पण माणूस घरचं. पैसे त्यांच्याकडे दिले. म्हणाल्या, वहिनी, निर्धास्त राहा. अर्थशास्त्र सुटलं.

२१ नोव्हेंबर.
डॉक्टरांनी पंचवीस तारीख दिली. वन्संना फोन केला. त्या महिनाभर लेकीकडे, माझी बटणं अंगावर घालून. म्हणाल्या, वहिनी, एवढी रोकड घरात कोण ठेवतं? बँकेत टाकली. माझ्या नावावर एफडी, वर्षाची. माझ्या सहीशिवाय कोणाला मिळायची नाही, इतकी सुरक्षित. कुठली बँक विचारलं. तीच. व्याजाचा विषय त्यांनी काढला नाही.

२२ नोव्हेंबर.
ऑपरेशन पुढे ढकललं तर पुन्हा तारीख केव्हा मिळेल, देव जाणे. बँकेत गेले. मुलगी म्हणाली, कर्ज देऊ की आजी, जामीन आणा. नर्सबाई आल्या. सही करताना म्हणाल्या, बटणांचं नंतर बघू.

२५ नोव्हेंबर. सकाळ. हॉस्पिटलला निघण्यापूर्वी.
आधी बँकेत जाऊन कर्ज उचललं. व्याज एफडीच्या जवळजवळ दुप्पट. मुलीने नोटा मोजल्या, ड्रॉवरमधून लोकरीचा तुकडा काढून पुडकं बांधलं. हिरवी लोकर.
मी पुडकं सोडून पुन्हा मोजून घेतलं. या लोकांचा भरवसा नाही.